जुनं ड्रॉइंग टेबल: सांगितलेली किंमत आणि खरी किंमत

बोपोडीकडच्या जुन्या फर्निचरच्या दुकानात ड्रॉइंग टेबलाला नुसता हात लावला, की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात: "ब्रिटिशकालीन आहे" आणि "सगळा साग आहे". दोन्ही बहुतेक वेळा खोटी निघतात, किंमत मात्र त्यांच्याच जोरावर सांगितलेली असते. पुण्यात विकायला येणाऱ्या जुन्या ड्रॉइंग टेबलांचं हे परीक्षण: माल कोणता, तपासायचा कसा, आणि घेताना किंवा घरातलं काढताना आकडा कसा बसवायचा. निकाल आधीच सांगून टाकतो. पैसे पायाचे आणि कळीचे, म्हणजे बोर्डाचा कल आणि उंची बदलणाऱ्या यंत्रणेचे, द्यावेत. फळी नवी बसवता येते, पॉलिश पुन्हा मारता येतं. बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तडकलेला पाया आणि झिजलेले दाते पहिल्यासारखे होत नाहीत.

हा माल पुण्यात इतका का, ते सरळ आहे. इंजिनिअरिंग कॉलेजचं मूळ १८५४ चं, खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ ची, पाठोपाठ पिंपरी-चिंचवड आणि भोसरीचा सगळा कारखानदारी पट्टा. मोठ्या कारखान्याला स्वतःचं ड्रॉइंग ऑफिस असायचं; तिथे आरेखक आणि ट्रेसर (आराखड्याची ट्रेसिंग पेपरवर नक्कल उतरवणारे) ओळीने बसायचे. सार्वजनिक बांधकाम खातं, पाटबंधारे, आयटीआयचे आरेखक वर्ग, वास्तुविशारदांची ऑफिसं हे वेगळंच. १९८२ मध्ये संगणकावर आरेखन करायचं ऑटोकॅड आलं, पुढच्या दशकात ते आपल्याकडच्या ऑफिसांत पोचलं, आणि टेबलं गोदामात गेली. आता बंगले पाडून इमारती होतायत, गोदामं रिकामी होतायत, तसा हा माल बाहेर पडतोय.

बाजारात चार प्रकार दिसतात.

पहिला, चार पायांचं लाकडी टेबल. शाळा-कॉलेजांतलं, स्थानिक सुतारानं केलेलं. वरची फळी बिजागरीवर उचलते, मागे आडवी दांडी किंवा खाचांची पट्टी, आणि बहुधा टी-स्क्वेअर (आडव्या रेघा मारायची टी आकाराची पट्टी) ठेवायला एक लांबट खण. भक्कम, साधं, दुरुस्तीला सोपं. संख्येने हीच जास्त, म्हणून किंमत कमी. अभ्यासाला, चित्रकलेला उत्तम. गुंतवणूक म्हणून काही नाही. पाचपैकी तीन.

दुसरा, बीडाच्या पायाचं. मधला खांब, खाली पसरट पाय, उंचीसाठी स्क्रू किंवा दात्यांची पट्टी, कलासाठी अर्धवर्तुळाकार पट्टी आणि मुठीचा बोल्ट. याला मागणी आहे ती हॉटेलवाल्यांची आणि घरं सजवणाऱ्यांची. अखंड असेल तर पाचपैकी साडेचार. पाया तडकलेला असेल तर दोन.

तिसरा, पोलादी पाइपच्या सांगाड्याचं मोठं टेबल, साठ ते ऐंशीच्या दशकातल्या कारखान्यांतलं. स्प्रिंग किंवा वजनांनी तोललेलं, बोर्ड एका हाताने वरखाली होतो, वर ड्राफ्टिंग मशीन, म्हणजे मापपट्ट्या धरून बोर्डभर फिरणारा यांत्रिक हात. दिसायला दवाखान्यातल्या सामानासारखं, म्हणून दुकानदाराला त्याची कदर नसते आणि भंगाराच्या भावात सुटतं. हाताने खरोखर काम करणाऱ्या माणसासाठी चौघांतला हाच सर्वांत शहाणा सौदा. पाचपैकी चार, मशीन चालू असेल तर पाच.

चौथा प्रकार मुळात जुना नसतोच. त्याच्याकडे पुढे येतो.

आधी लाकडाचा हिशेब, कारण "साग आहे" या वाक्याचं सगळं बळ तिथेच संपतं. मोठ्या टेबलाचा बोर्ड १५०० गुणिले १००० मिमी, जाडी २५ मिमी. म्हणजे ०.०३७५ घनमीटर, सुमारे १.३२ घनफूट. पण ड्रॉइंग बोर्ड चांगला बनवणारा माणूस तो सागाचा करतच नाही. त्याला मऊ, सरळ रेषांचं, मुरलेलं लाकूड लागतं: पाइन, देवदार, कैल. पिन सहज आत जावी आणि काढल्यावर भोक मिटावं म्हणून. साग असतो तो पायांना आणि चौकटीला. ७५ मिमी चौरस, ९०० मिमी लांब असे चार पाय धरले तर ०.७२ घनफूट. चौकटीच्या चार पट्ट्या, १०० गुणिले २५ मिमी, एकूण लांबी ३.८ मीटर, म्हणजे ०.३४ घनफूट. सगळा मिळून साग जेमतेम एक घनफूट. भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाऊन जुन्या सागाचा त्या दिवसाचा घनफुटाचा भाव विचारा, आणि तो आकडा सांगितलेल्या किमतीशेजारी ठेवून बघा. बाकीचे पैसे कशाचे, हा प्रश्न मग विक्रेत्याला विचारायला हरकत नाही.

बोर्ड अस्सल कारखान्यातला आहे का, ते उलटा करून कळतं. पाठीमागे दोन आडवे बॅटन, म्हणजे आधाराच्या लाकडी पट्ट्या, स्क्रूने बसवलेले असतात आणि स्क्रूची भोकं लांबट असतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. गोल भोकात घट्ट बसवलेला स्क्रू फळी फाडतो, लांबट भोकात तो सरकतो. चांगल्या बोर्डाच्या पाठीवर लांबीच्या दिशेने करवतीच्या खोबण्याही असतात, फळी वाकू नये म्हणून. डाव्या कडेला काळ्या, कठीण लाकडाची बारीक पट्टी बसवलेली दिसली, तर टी-स्क्वेअर तिच्यावर सरकत असे. ही पट्टी, लांबट भोकं आणि पाठीच्या खोबण्या तिन्ही असतील तर बोर्ड चांगल्या कारागिराचा.

वय ठरवायला आकार फार उपयोगी. जुने बोर्ड इंचातल्या कागदांसाठी असायचे: इंपीरियल २२ बाय ३०, डबल एलिफंट २७ बाय ४०, अँटिक्वेरियन ३१ बाय ५३. बोर्ड त्याहून इंच-दीड इंच मोठा. आपल्याकडे मेट्रिक पद्धत १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, मग १५०० बाय १०००, १००० बाय ७००, ७०० बाय ५०० मिमी हे आकार रूढ झाले. टेपने मोजलं आणि नेमका एक मीटर भरला, तर त्या टेबलाला ब्रिटिशकालीन म्हणणारा माणूस चुकतोय किंवा तुम्हाला चुकवतोय. नंतर आटे बघा. अर्ध्या इंचाच्या बोल्टवर एका इंचात १२ आटे असतील तर व्हिटवर्थ, म्हणजे ब्रिटिश वळणाचा. १३ असतील तर अमेरिकन. बारा मिमीच्या मेट्रिक बोल्टचा आटा पावणेदोन मिमीचा असतो. आटे मोजायची पात्यांची गेज खिशात मावते आणि वाद मिटवते. एक-दोन बोल्ट बदललेले असणं साहजिक आहे, म्हणून खांबाच्या मुख्य स्क्रूचे आटे बघावेत. तो कोणी बदलत नाही. चांदणीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात जगात आले आणि आपल्याकडे रुळायला बराच काळ गेला. सगळीकडे तेच दिसत असतील तर एक तर माल पुढचा, नाहीतर पूर्ण उघडून पुन्हा जोडलेला.

'अँटिक' या शब्दाबद्दल एवढंच: १९७२ च्या पुरावशेष कायद्यात सर्वसाधारण वस्तूला किमान शंभर वर्षं झालेली असावी लागतात. सत्तरच्या दशकातलं कारखान्याचं टेबल जुनं आहे, देखणंही असेल, पण त्या शब्दाचे जादा पैसे त्याला लागू नाहीत.

खाली, चौकटीच्या आतल्या बाजूला, पांढऱ्या किंवा पिवळ्या ऑइलपेंटने एखादा नंबर दिसला तर थांबा. तो जडसंग्रह (डेड स्टॉक) नोंदवहीतला क्रमांक असतो, म्हणजे टेबल सरकारी कार्यालयातलं किंवा संस्थेतलं. हा नंबर टेबलाचं मूळ सांगतो, म्हणून किंमत वाढवतो. पण निर्लेखन होऊन, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी होऊन, लिलावात गेल्याची पावती विक्रेत्याकडे असली पाहिजे. पावती नसेल तर नंबराचे पैसे देऊ नका. खरं तर टेबलही घेऊ नका. नंबर खरवडलेला दिसला तर प्रश्नच मिटला.

आता तपासणी. सोबत एक मीटरची पोलादी पट्टी, दोन सारख्या सरळ लाकडी पट्ट्या, गुण्या, टॉर्च आणि पोस्टकार्ड घ्या.

पट्टी बोर्डावर दोन्ही कर्णांवर उभी धरा आणि मागून टॉर्च मारा. उजेडाची फट मध्ये दिसली तर फळी खोलगट, टोकांना दिसली तर पोट आलेलं. फटीत पोस्टकार्डाच्या पाच-सहा जाडीपर्यंत चालवून घ्यावं, त्यापुढे चित्र काढताना बोचतं. मग दोन लाकडी पट्ट्या बोर्डाच्या दोन टोकांना समांतर ठेवा आणि खाली वाकून एका डोळ्याने एकीवरून दुसरी बघा. त्यांच्या वरच्या कडा एकमेकींना छेदताना दिसल्या तर फळीला पीळ आहे. वाकलेल्या फळीवर उपाय असतो, पिळलेल्या फळीवर सहसा नसतो. आणि हे परीक्षण जुलै-ऑगस्टमध्ये करू नये. ओल्या गोदामातून काढलेली फळी भाद्रपदात एक बोलते आणि मार्गशीर्षात दुसरं.

कल तपासताना बोर्ड सपाट, साधारण तीस अंशांवर आणि जवळजवळ उभा, अशा तीन जागी मूठ आवळून खालच्या कडेवर दोन्ही हातांनी भार द्या. सरकला तर अर्धवर्तुळाकार पट्टीचा पृष्ठभाग गुळगुळीत झालाय किंवा वायसर दबलाय. वायसर पाच मिनिटांचं काम, गुळगुळीत पट्टी खर्चाची. उंचीचा स्क्रू तळापासून टोकापर्यंत पूर्ण फिरवा. मधल्या भागात सैल आणि टोकांना घट्ट लागला तर आटे मधे झिजलेत, कारण वर्षानुवर्षं टेबल एकाच उंचीवर वापरलं गेलंय. दुकानदार नेमकं त्याच उंचीवर लावून ठेवतो. फिरवून दाखवायला नाही म्हणत असेल तर अडकलाय असंच धरा.

बीडाच्या पायावर जाड रंगाचा नवा हात असेल तर नखाने नव्हे, कानाने बघा. छोट्या हातोडीने हलकेच टिचक्या मारत जा. अखंड बीड घणघणतं, तडा असेल तिथे आवाज बद्द येतो. जिथे खांब पायात बसतो आणि जिथे पाय फाकतात, त्या कोपऱ्यांत तडे जास्त. बीड आपटलं की वाकत नाही, थेट तडकतं. साध्या रॉडने केलेली वेल्डिंगची गाठ दिसली तर ती शेजारी पुन्हा तडकण्याची शक्यता मोठी. पितळेने, म्हणजे ब्रेझिंगने, नीट जोडलेलं असेल तर टिकतं, पण किंमत तरी निम्मी धरावी.

ड्राफ्टिंग मशीन असेल तर कागद लावून बघितल्याशिवाय एक रुपयाही वाढवू नका. कोपरासारख्या दुमडणाऱ्या हाताचं मशीन असेल तर आत पोलादी पट्टे कप्प्यांवरून फिरतात. तेच पट्टीला समांतर ठेवतात. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक आडवी रेघ ओढा, मशीनचं डोकं (पट्ट्या बसवलेला फिरता भाग) खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत नेऊन गोल फिरवत परत आणा आणि त्याच रेघेवर पुन्हा ओढा. एक रेघ दिसली तर मशीन ठीक, दोन दिसल्या तर पट्टे सैल. सैल पट्टा ताणता येतो, तुटलेला मिळत नाही. नंतर डोक्याची कळ दाबून फिरवा: दर पंधरा अंशांना 'टक्' करून बसलं पाहिजे, आणि बसल्यावर हलता कामा नये. हलतं असेल तर खाचा झिजल्यात. मापपट्ट्या हरवलेल्या असणं हा मोठा दोष नाही. सुट्या पट्ट्या मिळू शकतात, मात्र बसवायच्या चिमट्याचं माप कंपनीगणिक वेगळं असतं, ते मोजून न्यावं. वास्तुविशारदांच्या टेबलांवर मशीनऐवजी दोरीवर सरकणारी पॅरलल बार असते. तिची दोरी तुटलेली असेल तर घाबरू नका, ती चिल्लर गोष्ट आहे. कोपऱ्यातल्या कप्प्या आणि त्यांचे ब्रॅकेट चारही आहेत का तेवढं मोजा.

आता चौथा प्रकार, म्हणजे नवीनच. जोधपूरकडे आंब्याच्या किंवा शिशमाच्या लाकडाची, बीडाच्या पायाची, फिरवायच्या चाकाची टेबलं निर्यातीसाठी मोठ्या प्रमाणावर बनतात. वस्तू म्हणून ती वाईट नाहीत. नवी म्हणून विकली तर आमची काहीच तक्रार नाही. जुनी म्हणून विकली जातात तिथे दुखतं. ओळखायचं फळीवरच्या खुणांवरून. खऱ्या बोर्डावर पिनांची भोकं कुठेही पसरलेली नसतात. ती चार घोळक्यांत असतात, आणि त्या घोळक्यांना जोडलं तर कागदाचा आयत बनतो. एकाच बोर्डावर दोन-तीन आकारांचे कागद लागले असतील तर एकात एक आयत दिसतात. आयताच्या आत कंपासच्या टोकाचे बारीक ठिपके, आणि कडेला ट्रेसिंग पेपर कापल्याच्या ब्लेडच्या सरळ, लांब रेघा. खालच्या कडेला, जिथे छाती आणि कोपर टेकतात तिथे, पॉलिश उडून लाकूड मऊ, तेलकट झालेलं. नकली टेबलावर साखळीने मारलेले खड्डे सगळीकडे सारखे, कोपरापाशीही आणि कोणाचा हात पोचत नाही अशा वरच्या टोकापाशीही. शिवाय चाक फिरवून बघा: नकली टेबलात पुष्कळदा वरच्या चाकाला दाते असतात पण ते काही उचलतच नाहीत.

कुठे घ्यावं? मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे अख्खं टेबल क्वचित, पण मशीनची डोकी, मापपट्ट्या, मिनीड्राफ्टर (ड्राफ्टिंग मशीनचं छोटं रूप), पितळी मुठी यांच्यासाठी जावं. सकाळी लवकर. बोपोडीकडे अखंड माल मिळतो, पण पॉलिश झालेला, आणि पॉलिशखाली पिनांची भोकं पुटीने बुजवलेली. न धुतलेला, न पॉलिश केलेला तुकडा गोदामातून दाखवा म्हणावं. दाखवला तर तोच घ्यावा. कारखान्यांचा माल उचलणारे भंगारवाले किलोवर देतात, तिथे तिसरा प्रकार शोधावा. सर्वांत प्रामाणिक माल मात्र प्रभात रोड, एरंडवणे या भागातल्या घरांतून निघतो, जिथे वापरणाऱ्याचे नातेवाईक विकत असतात आणि सोबत पट्ट्या, किल्ल्या, कधी मूळ पावतीही मिळते. अशा ठिकाणी भाव पाडून बोलू नये.

किंमत बसवायची आमची रीत अशी. तळ म्हणजे तो माल सुटा करून विकला तर येणारे पैसे: लोखंडाचं वजन, साग घनफुटाने. छत म्हणजे तेच काम करणारं नवं टेबल, मशीनसकट, आज जितक्याला पडेल तेवढं. मधल्या अंतराचे शंभर भाग करायचे. चाळीस अखंड पायाला, वीस कल आणि उंचीला, पंधरा मूळ बोर्डाला, पंधरा मशीन किंवा पॅरलल बारला, दहा नावाची पट्टी, नंबर, पावती अशा पुराव्याला. समजा तळ ६,००० निघाला आणि छत २४,०००. मधले १८,०००. पाया अखंड: ४०. कल सरकतो: २० पैकी १०. बोर्ड मूळचा पण वाकलेला: ८. मशीन नाही: ०. नावाची पट्टी आणि पावती आहे: १०. बेरीज ६८, म्हणजे १२,२४०. तळ मिळवून १८,२४०. मागणी तीस हजारांची असेल तर अठरापर्यंत बोलावं आणि निघून यायची तयारी ठेवावी. आकडे उदाहरणाचे आहेत, भाव त्या दिवसाचे घ्यावेत. पाया तडकलेला असेल तर चाळीसचे पंधरा करावेत.

मोबाइलवर अमेरिकेतल्या टेबलाचा डॉलरमधला भाव दाखवून रुपयात गुणाकार करणारे विक्रेते भेटतील. तो भाव मागितलेला असतो, मिळालेला नसतो, आणि ते टेबल तिथल्या नावाजलेल्या कंपनीचं असतं. आपल्या टेबलावर ते नाव ओतलेलं नसेल तर तो गुणाकार त्यांच्याकडेच राहू द्यावा.

विकणाऱ्यासाठी तीनच गोष्टी. फळीला यंत्राने पॉलिश पेपर मारू नका; पिनांच्या खुणा गेल्या की पुरावा गेला. ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरे. लोखंडाला रॉकेल आणि तारेचा ब्रश, रंग नको. हरवलेले इंची बोल्ट बोहरी आळीत शोधावेत; मेट्रिक बोल्ट ठोकून बसवला की जुने आटे कायमचे जातात.

नेताना तोललेल्या टेबलाचा बोर्ड थेट सोडवू नका. स्प्रिंग किंवा वजनं त्याच्याच भाराशी तोललेली असतात. बोर्ड निघाला की हात उसळून वर येतो आणि जबडा फोडतो. आधी बोर्ड सगळ्यात वर न्या, तिथे स्प्रिंग सर्वांत सैल असते, मूठ आवळा, हात सांगाड्याला दोरीने बांधा, मग बोल्ट काढा. बीडाचा पाया टेम्पोत उभाच ठेवावा, खाली जुनी गादी घालून, आणि हमालाला आधीच सांगावं की हे आडवं टाकायचं नाही.